हाताची पुटपुट

शशिकांत नेर्लेकरांच्या उजव्या हातातून गोगलगाय निघाली, ती एका शनिवारी सकाळी, चांगल्या दहा-बारा माणसांच्या देखत.

म्हणजे अगदी हातातून नाही. त्यांच्या कोपराखाली एक पट्टा बांधला होता आणि कोपऱ्यातलं एक यंत्र त्या पट्ट्याचं ऐकत होतं. त्या यंत्राच्या खालच्या खणात ती येऊन पडली. पेढ्याएवढी, करडी, अजून कोमट. पाठीवर एक वेटोळं आणि मागे लांबलचक शेपूट.

"अय्या, गोगलगाय!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. नेर्लेकरही हसले. लोक हसायला लागले की आपणही हसावं, म्हणजे लवकर आटपतं, असा त्यांचा अनुभव होता. मग त्यांनी ती गोगलगाय रुमालात गुंडाळली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि सगळ्यांचं लक्ष पुढच्या माणसाकडे गेलेलं बघून दालनाबाहेर सटकले.

यंत्र रेहाना बागवानचं होतं. रेहानाचे वडील कोल्हापुरातल्या एका छापखान्यात पुस्तकबांधणी करायचे आणि नेर्लेकर त्याच छापखान्यात मुद्रितं तपासायचे. लहानपणी रेहाना कागदाच्या गठ्ठ्यावर बसून शाळेचा अभ्यास करायची आणि शुद्धलेखन अडलं की "काका, 'की' ऱ्हस्व का दीर्घ?" असं ओरडायची. पुढे ती खूप शिकली. मेंदू आणि स्नायू एकमेकांशी कसे बोलतात यावर बंगळूरला तिनं बरीच वर्षं घालवली, आणि मग एक मोठी पेटी घेऊन कोल्हापूरला परत आली. त्या पेटीत हे यंत्र होतं.

नेर्लेकरांना तिनं ते समजावलं होतं, ते असं:

"काका, तुम्ही मनातल्या मनात वाचता, तेव्हा तुमची जीभ हलते का?"

"नाही."

"हलते. तुम्हाला कळत नाही इतकी थोडी. हाताचंही तसंच आहे. समोर वाटी दिसली की मेंदू ती उचलायची तयारी करून ठेवतो, उचलायची नसली तरी. हुकूम निघतो आणि अर्ध्या वाटेत अडवला जातो. पण त्याची बारीक कुजबुज कोपराखालच्या स्नायूंपर्यंत पोचतेच. हात हलत नाही, पण पुटपुटतो."

पट्ट्यात केसाहून बारीक असे पुष्कळ संवेदक होते. स्नायूंमधली क्षीण वीज ते टिपायचे. त्यातून नाडीचे ठोके, म्हातारपणाची थरथर, पंख्याच्या वाऱ्यानं आलेला शहारा हे सगळं गणितानं गाळून टाकलं, की उरायचं ते हाताचं मनोगत: दाबणं, चिमटणं, वळवणं, कुरवाळणं. यंत्र तेवढंच करायचं, कागदाचा लगदा आणि शाडू यांच्या मऊ गोळ्यावर.

"ते अर्थ लावत नाही हां," रेहानानं बजावलं होतं. "तुमच्या हाताला जे करायचं होतं आणि त्यानं केलं नाही, ते फक्त करून दाखवतं."

मुळात हे सगळं कृत्रिम हात बसवलेल्या माणसांसाठी होतं. पण चाचण्या घेताना रेहानाच्या एक गंमत लक्षात आली. सपाट चित्रासमोर उभं केलं तर बहुतेकांचा हात पेंगतो. तेच समोर पोत्याचं कापड, गंजका पत्रा, कापूस, भिंतीतून बाहेर आलेली खुंटी असं काही एकत्र जोडून ठेवलेलं असलं, की हाताला चेव येतो. त्याला आत शिरायचं असतं, मागे काय आहे ते चाचपायचं असतं. आणि अलीकडे कलावंत मंडळी तर असलंच काम करू लागली होती. अर्धं चित्र, अर्धं शिल्प, अर्धी अडगळ, असं शेजारचे लोक म्हणायचे. तीन अर्धी कशी होतात, हा प्रश्न फक्त नेर्लेकरांना पडायचा.

तर अशा कामांच्या प्रदर्शनांत ते यंत्र गेलं आणि कोणीतरी त्याला 'पुटपुट्या' म्हणालं. तेच नाव पडलं. दोनेक वर्षांत दालनांमधून अभिप्रायाच्या वह्या गेल्या. 'अप्रतिम', 'मन भरून आले' हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी प्रत्येक कामाखाली एका फळीवर करड्या आकारांची रांग दिसू लागली. कलावंत ते आकार घरी नेत, त्यांच्याकडे बघत बसत, कधी पुढच्या कामात चिकटवूनही टाकत. मग शहरानंच ते मनावर घेतलं. एका मिसळवाल्यानं गल्ल्याशेजारी पुटपुट्या ठेवला. स्थळ बघायला गेलेल्या एका मुलीनं मुलाला पट्टा बांधायला लावला. खणात चपातीसारखं काहीतरी पडलं आणि तिनं लगेच नकार कळवला. राजकीय सभांना मात्र पट्टा बांधून यायला बंदी झाली.

हाताची भाषा माणसागणिक वेगळी असायची. शिंप्याचा हात चिमट्या घ्यायचा, भाकरी थापणारीचा थापायचा. जो हात आयुष्यभर एकच काम करतो, तो त्या कामाच्याच बोलीत पुटपुटतो, असं रेहाना म्हणायची.

आता नेर्लेकरांच्या हातानं गोगलगाय कधी केली होती?

*

घरी येऊन त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि वर्तमानपत्र उघडलं. त्यांच्या पत्नी शैलजाबाई चहा घेऊन आल्या.

"हे काय?"

"काही नाही. गोगलगाय. आदिनाथ चौगुले म्हणून इचलकरंजीचा मुलगा आहे, त्याचं काम बघायला गेलो होतो. यंत्रमागातले धोटे, डांबर आणि आरशाचे तुकडे. लोक हसले."

शैलजाबाईंनी कप ठेवला, गोगलगाय उचलली, उलटी केली आणि वर्तमानपत्राच्या समासात आडवी ठेवली. बघत राहिल्या. मग इतक्या जोरात हसल्या की चहा बशीत सांडला.

"अहो, ही कुठली गोगलगाय? हा तुमचा 'काढा' आहे!"

नेर्लेकरांनी चष्मा वर केला. खरंच की. वेटोळं आणि शेपूट. शब्द जास्तीचा आला, अक्षर दोनदा पडलं, की समासात करायची ती खूण. चाळीस वर्षं त्यांनी लाल पेन्सिलीनं ती किती वेळा केली असेल, याला गणती नव्हती. कागदावर पाहिली असती तर झोपेतही ओळखली असती. तिला पोट आणि पाठ आली आणि ती परकी झाली.

शैलजाबाईंना ओळखता आली, त्याला कारण होतं. लग्न झालं तेव्हा नेर्लेकर मुद्रितं घरी आणायचे आणि ताडून बघायला दुसरं माणूस लागायचं. टेलिफोन खात्यातली नोकरी करून आलेली नवी नवरी समोर बसून मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, विरामचिन्हांसकट. त्या दोघांमधली पहिली प्रेमाची वाक्यं बहुतेक अशी झाली होती: "अवतरण सुरू, तुझ्यावाचून मी जगू शकत नाही, उद्गारचिन्ह, अवतरण बंद." त्यातच तिला सगळ्या खुणा पाठ झाल्या. तिला सर्वांत आवडायची ती ठिपक्यांची. एखादा शब्द चुकून कापला आणि मग लक्षात आलं की तो बरोबरच होता, तर कापलेल्या शब्दाखाली ओळीनं ठिपके द्यायचे आणि समासात लिहायचं: राहू द्या. "तुमच्या धंद्यात शब्दाची माफी मागायची सोय आहे बघा," असं ती म्हणायची.

"म्हणजे," नेर्लेकर आता घाबरून म्हणाले, "त्या मुलाच्या कामासमोर उभा राहून मी 'काढा' म्हणालो?"

"तुमचा हात म्हणाला."

"अरेरे. चारचौघांत."

"मला तर फार आवडलं," शैलजाबाई म्हणाल्या. "आता पुढच्या महिन्यात माझ्या प्रदर्शनात माझ्या कामांसमोर उभे राहा. पहिला पट्टा तुम्ही बांधायचा. ठरलं."

नेर्लेकरांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

*

शैलजाबाई नोकरीभर चौकशीच्या खिडकीमागे होत्या. खिडकी कसली, कानाला लावलेला फोन. कोणीही फोन करायचं आणि विचारायचं: अमक्या डॉक्टरांचा नंबर द्या, तमक्या दुकानाचा द्या. काही जण नंबर घेऊनही फोन ठेवायचे नाहीत, उगाच बोलत राहायचे. नोकरी संपली तेव्हा भंगारात निघालेली केबल त्यांनी पोत्यानं घरी आणली. आत रंगीत बारीक तारा होत्या, दोन दोन पिळलेल्या: निळी-पांढरी, नारिंगी-पांढरी, जांभळी-तांबडी. त्यांनी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसून त्या विणायला घेतल्या. मग त्यांत सुकलेले दोडके आले, क्ष-किरणांच्या जुन्या फिल्मा आल्या, गोधडीचे तुकडे आले. आणि एक दिवस लोक त्याला कलाकृती म्हणायला लागले.

प्रत्येक काम झालं की गच्चीतून हाक यायची. "अहो, वर या. कसं वाटतंय बघा."

नेर्लेकर वर जायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, बराच वेळ बघायचे आणि म्हणायचे, "छान आहे."

त्यांना वाटायचं, आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, निदान घरात तरी काढू नयेत. शिवाय आपल्याला यातलं कळतं कुठे? ते कळावं म्हणून त्यांनी वाचनालयातून आधुनिक कलेवरची पुस्तकं आणून वाचली. एकात लिहिलं होतं की चित्रातून बाहेर आलेली वस्तू बघणाऱ्याला प्रश्न विचारते. दुसऱ्यात होतं की ती काहीच विचारत नाही, नुसती असते. नेर्लेकरांना दोन्ही पटलं. तेव्हापासून ते आणखीच गप्प झाले.

आदिनाथ चौगुले घरी आला तो बुधवारी दुपारी. शैलजाबाईंनी गोगलगाईची हकिगत रेहानाला सांगितली होती, रेहानानं त्याला. दाढी वाढलेला, उंच, नखांत डांबर. आल्या आल्या त्यानं नेर्लेकरांना वाकून नमस्कार केला. तो मारायलाच वाकतोय असं वाटून नेर्लेकर एक पाऊल मागे सरले.

"माफ कर हं," ते म्हणाले. "तसं काही माझ्या मनात..."

"माफी कसली मागताय, काका! काय काढू ते सांगा."

"छे छे. मला काय कळतंय?"

"तुमच्या हाताला कळतंय की. अहो, शंभरभर लोकांचे आकार गोळा झालेत माझ्याकडं. कुणाचा लाडू, कुणाचा खड्डा. एकानं बी मला काय करू ते सांगितलं न्हाई. तुम्ही एकटेच. आता सांगितल्याबिगर मी उठत न्हाई. काकू, माझ्यासाठी पण चहा टाका."

नेर्लेकरांनी छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "उजवीकडचा सगळ्यात खालचा आरसा."

"काय?"

"तो दोनदा आल्यासारखा वाटतो. म्हणजे, वरच्या आरशात बघणाऱ्याचं तोंड दिसतं आणि त्याच्याभोवती ते धोटे, म्हणजे आपणच मागात अडकलोय असं वाटतं. ते फार चांगलं आहे. खालचा आरसा तेच पुन्हा सांगतो. पण माझं चुकत असेल."

आदिनाथनं मांडीवर थाप मारली. "तोच! तो मी शेवटच्या दिवशी लावला, काका. जागा मोकळी दिसाय लागली म्हणून. तेव्हापासनं डोळ्यात खुपतोय, पण का ते कळत नव्हतं." त्यानं चहा एका घोटात संपवला, नेर्लेकरांचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला आणि घोड्याला टाच मारावी तसा निघून गेला.

नेर्लेकर खूश होते. इतके, की शैलजाबाई कपबशा गोळा करताना काही बोलत नाहीत, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

"काय झालं?"

"ओळख ना पाळख, आणि त्या पोराला आरसा न् आरसा सांगितलात." शैलजाबाईंनी कप बशीवर जरा जोरातच ठेवला. "मला इतकी वर्षं 'छान'. 'छान' म्हणजे काय हो? मी सांगते. 'छान' म्हणजे वाचलंच नाही."

मुद्रितशोधकाला याहून मोठी शिवी नाही.

"बरं, एकच विचारते," त्या म्हणाल्या. "मोठं काम. कान. ठेवू की काढू?"

ते काम नेर्लेकरांना माहीत होतं. दाराएवढी फळी, तिच्या चारी कडांकडून निघालेल्या असंख्य रंगीत तारा, ओढ्यांसारख्या वळत, एकमेकींत मिसळत मध्याकडे आलेल्या. आणि मधोमध, फळीतून चांगला वीतभर बाहेर आलेला, परातीएवढा कान. कागदाच्या लगद्याचा. आतून त्यांच्या जुन्या पातळाचं अस्तर, गोधडीसारखं टाके घातलेलं. दालनाचा व्यवस्थापक बघून गेला होता आणि म्हणाला होता, तारा फारच सुंदर, कान मात्र जरा विनोदी वाटतो, लोक हसतील. तेव्हापासून शैलजाबाईंच्या मनात किडा शिरला होता.

"काढला तर नुसत्या तारा राहतील," त्या म्हणाल्या. "दिसतील सुरेख. सगळ्यांना आवडतील. मला कळेनासं झालंय. तुम्ही एक शब्द बोला."

नेर्लेकरांनी तोंड उघडलं. शब्द आत होता, पण त्याच्यामागे आणखी शंभर होते: आपलं चुकलं तर? आपल्यामुळे ठेवला आणि लोक हसले तर? आपल्यामुळे काढला आणि तिला हळहळ वाटली तर?

"तुला योग्य वाटेल ते," ते म्हणाले.

"पूर्णविराम," म्हणाल्या शैलजाबाई आणि गच्चीवर निघून गेल्या.

*

प्रदर्शनाच्या सकाळी नेर्लेकर सर्वांच्या आधी दालनात पोचले. लवकर गेलं की कोणाला भेटावं लागत नाही, एवढाच हेतू. पण रेहाना आधीच पुटपुट्यात लगदा भरत होती.

"काका, पट्टा बांधू?"

"नको नको. नंतर बघू."

"काकू म्हणाल्या होत्या, पहिला तुमचा."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती," नेर्लेकर म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

समोर ते मोठं काम टांगलं होतं. कानावर लाल चिकटपट्टीची फुली होती. खाली शैलजाबाईंच्या अक्षरात चिठ्ठी: 'हा भाग सोडवून ठेवणे.'

नेर्लेकर नेहमीसारखे हात मागे बांधून उभे राहिले. तारा खरोखर सुरेख होत्या. पण फुलीमुळे कानाकडे बघवत नव्हतं, आणि कानाकडे बघितलं नाही तर त्या तारा कुठे चालल्या होत्या तेच कळत नव्हतं. वाक्यातलं क्रियापद कापलं की उरलेले शब्द कितीही चांगले असले तरी एकमेकांकडे बघत बसतात, तसं काहीतरी झालं होतं. त्यांना वाटलं, हे आपण बोलायला हवं. मग वाटलं, क्रियापदाचा काय संबंध?

तेवढ्यात माणसं यायला लागली. शैलजाबाई आल्या, नवी इरकल नेसून, पण चेहरा ओढलेला. नेर्लेकरांकडे न बघता त्या पलीकडच्या खोलीत गेल्या. मदतीला आलेला आदिनाथ स्क्रू काढायचा पेचकस शोधत होता. पेचकस सापडल्यावर तो मोठ्या कामाकडे आला, एक हात कानाखाली धरला आणि पहिला स्क्रू फिरवायला घेतला.

"थांब."

दालनातले लोक वळून बघायला लागले. कोण ओरडलं ते नेर्लेकरही क्षणभर शोधत होते.

"काय झालं, काका?" आदिनाथनं विचारलं.

सगळे नेर्लेकरांकडे बघत होते, आणि बघत असताना बोलणं त्यांना जन्मात जमलेलं नव्हतं. त्यांनी उजव्या हाताची बाही वर केली.

"रेहाना," ते कसंबसं म्हणाले, "पट्टा बांध."

पट्टा बांधताना त्यांच्या डोक्यात एकच विचार होता. आता गोगलगाय निघाली तर? बायकोच्या कामासमोर, तिच्या पहिल्या प्रदर्शनात, सगळ्या गावासमोर, नवऱ्याच्या हातातून 'काढा'? त्यांच्या मनाला खात्री नव्हती. हाताला असेल, तर त्याचं त्यानं बघावं. त्यांनी हात पाठीमागे न बांधता मोकळा सोडला आणि कान, फुली, तारा सगळं नीट वाचलं. पहिल्या ओळीपासून, बोट न ठेवता, एकही अक्षर न गाळता.

यंत्र गुणगुणलं. बराच वेळ काही झालं नाही.

मग खणात टप असा आवाज झाला. एक शेंगदाण्याएवढी गोळी. टप. तिच्या शेजारी दुसरी. टप, टप.

"या अल्लाह, लगदा तुटतोय," रेहाना म्हणाली. "नळी तुंबली वाटतं. सकाळी तर चांगली होती. थांबा काका, बंद करते, परत एकदा..."

"हात लावू नकोस!"

शैलजाबाई दारात होत्या. ओरडणं ऐकूनच त्या धावत आल्या होत्या. त्या गर्दीतून पुढे झाल्या आणि खणावर वाकल्या. करड्या गोळ्या एका ओळीत पडल्या होत्या, सारख्या अंतरावर, एकीसारखी दुसरी. अजून पडत होत्या. शेवटची पडली आणि यंत्र थांबलं.

कोणीतरी मागून विचारलं, "मशीन बिघडलं का हो?"

"नाही," शैलजाबाई म्हणाल्या. "माझा नवरा बोलतोय."

त्यांनी नेर्लेकरांकडे पाहिलं. नेर्लेकर गोळ्यांकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा, रेहानानं नंतर वडिलांना सांगितलं, परीक्षेचा निकाल लागलेल्या मुलासारखा झाला होता.

"काय म्हणतायत काका?" आदिनाथनं विचारलं. त्याचा हात अजून कानाखाली होता.

"राहू द्या," शैलजाबाई म्हणाल्या. "म्हणतायत, राहू द्या."

मग त्यांनी पदर खोचला आणि कानावरची लाल पट्टी टर्रकन ओढून काढली. गोळ्या अजून ओल्या होत्या. एकेक उचलून त्यांनी त्या कानाच्या बरोबर खाली फळीवर दाबून बसवल्या, ओळीनं. रेहाना टाळ्या वाजवायला लागली, मग आदिनाथ, मग कशासाठी ते नीट न कळलेले बाकीचे लोकही. दालनाचा व्यवस्थापक म्हणाला की आता काम एकदम पूर्ण वाटतंय. एक लहान मुलगी पुढे झाली आणि कानात तोंड घालून काहीतरी सांगून आली. तिच्या मागे तिचा भाऊ गेला. मग त्यांची आजी. बघता बघता रांग लागली. लोक हसत होते, पण व्यवस्थापकाला वाटलं होतं तसे नाही.

"शैला," नेर्लेकर म्हणाले.

"हं?"

"एक सांगू?"

"सांगा."

"डाव्या कोपऱ्यातला तो जांभळ्या तारांचा झुबका आहे ना..."

"त्याचं काय?"

"तो दोनदा आलाय."

शैलजाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "दोनदा? कुठे दोनदा?"

"वरती उजवीकडे तसाच एक आहे. तिथे तो हवाच आहे. इथे तो नुसता भरीला घातल्यासारखा वाटतो."

"भरीला? अहो, तो घालायला मला आठवडा लागला!"

"लागला असेल. पण तो काढायला हवा."

"माझं चुकत असेल, असं म्हणायचं राहिलं तुमचं."

नेर्लेकरांनी थोडा विचार केला. "नाही," ते म्हणाले. "चुकत नाहीये."

"मी काढणार नाही."

"काढ."

"नाही काढणार. तो तोल आहे त्याचा. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय!" नेर्लेकर म्हणाले, आणि एवढ्या मोठ्यानं म्हणाले की कानात बोलायला वाकलेले एक गृहस्थ दचकून सरळ झाले.

दुपार झाली, भाषणं झाली, पेढे वाटले गेले. लोक येत होते, बघत होते, जात होते. ती दोघं त्या झुबक्यासमोर उभी राहून तावातावानं भांडतच होती. शैलजाबाई मधूनच खो खो हसत, पदरानं डोळे पुसत आणि पुन्हा सुरू होत. नंतर आलेल्या बऱ्याच जणांना तो प्रदर्शनाचाच भाग वाटला.

नेर्लेकरांच्या कोपराखालचा पट्टा सोडायचं मात्र कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. कोपऱ्यात पुटपुट्या गुणगुणत होता, आणि त्याच्या खणात एकीमागून एक, कोमट आणि गुबगुबीत, गोगलगायी येऊन पडत होत्या.